वृत्तमाध्यमे आणि महानगरातील अल्पसंख्याक समाजाचे चित्रण : कर्नर आयोगाच्या अहवालाच्या संदर्भात

प्रस्तावना :
महानगरात भिन्न वंश, धर्म व भाषा असलेले समाज एकाच शहरात राहत असले, तरी त्यांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध मर्यादित असतो. एका वस्तीतील नागरिकाला दुसऱ्या वस्तीची ओळख प्रामुख्याने वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांच्यामार्फत होते. त्यामुळे माध्यमांनी केलेले चित्रण सदोष असल्यास त्याचे परिणाम संपूर्ण समाजाला भोगावे लागतात. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील कर्नर आयोगाच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी :
१९६७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली झाल्या. जुलै महिन्यात नेवार्क येथे २६, तर डेट्रॉइट येथे ४३ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी इलिनॉय राज्याचे गव्हर्नर ऑटो कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली ११ सदस्यांचा आयोग नेमला. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात एक स्वतंत्र प्रकरण वृत्तमाध्यमांसाठी राखून ठेवण्यात आले होते.

आयोगाची निरीक्षणे :
आयोगाने १५ शहरांतील ९५५ दूरचित्रवाणी वृत्तांश व ३,७७९ वृत्तपत्रीय लेख तपासले. वातावरणानुसार वर्गीकरण करता आलेल्या ८३७ दूरचित्रवाणी वृत्तांशांपैकी ४९४ संयत, २६२ भावनोद्दीपक व ८१ सर्वसाधारण स्वरूपाचे होते. माध्यमांनी समतोल राखण्याचा प्रयत्न केला, हे आयोगाने मान्य केले. तरीही एकूण चित्र वास्तवाहून भडक झाले, असा त्याचा निष्कर्ष होता.

याची काही कारणे स्पष्ट दिसतात. पहिले कारण म्हणजे अधिकाऱ्यांनी दिलेल्या माहितीवरील अवलंबित्व. डेट्रॉइटमधील नुकसानीचा प्रारंभिक अंदाज २० ते ५० कोटी डॉलर असा छापला गेला. अहवालाच्या वेळी उपलब्ध असलेला सर्वाधिक अंदाज मात्र ४.५ कोटी डॉलर होता. छुप्या बंदूकधाऱ्यांच्या गोळीबाराच्या बहुसंख्य वार्ता प्रत्यक्षात पोलीस अथवा नॅशनल गार्डच्या जवानांनीच केलेल्या गोळीबाराच्या होत्या. दुसरे कारण दृश्यांच्या निवडीत आढळते. पडद्यावर गोरे पोलीस व कृष्णवर्णीय नागरिक समोरासमोर दिसल्याने हा संघर्ष दोन वंशांतील आहे, असा समज पसरला. वस्तीतील निकृष्ट घरे, बेकारी व पोलिसांविषयीचा रोष ही मूळ कारणे दुर्लक्षित राहिली.

संपादकीय कक्षातील प्रतिनिधित्व :
आयोगाच्या मते, वृत्तलेखन व संपादन करणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी होते. संपादक व पर्यवेक्षक या पदांवर ते १ टक्क्याहूनही कमी होते व त्यांतील बहुतेक कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या संस्थांत कार्यरत होते. परिणामी बातमी गोऱ्यांच्या दृष्टिकोनातून लिहिली जाई आणि दंगल नसलेल्या दिवशी त्या वस्तीतील विवाह, शाळा, संस्था यांना वृत्तपत्रात क्वचितच स्थान मिळे. रहिवाशांना वृत्तपत्रे ही सत्ताधारी वर्गाची मुखपत्रे वाटत. साहजिकच ते वार्ताहराशी मोकळेपणाने बोलत नसत आणि वार्ताहर पुन्हा पोलिसांकडेच वळत असे. अशा प्रकारे अविश्वास व अपुरी माहिती परस्परांना पोसत राहतात.

१९७८ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ न्यूजपेपर एडिटर्स या संस्थेने २००० सालापर्यंत वृत्तपत्र कार्यालयांत अल्पसंख्याकांना लोकसंख्येच्या प्रमाणात स्थान देण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. ते साध्य होत नाही असे दिसल्याने १९९८ मध्ये ही मुदत २०२५ पर्यंत वाढविण्यात आली.

निष्कर्ष :
विपर्यास हा केवळ खोट्या बातमीतून होतो असे नाही. स्वतंत्रपणे खऱ्या असलेल्या बातम्यांतूनही, एखादा समाज केवळ गुन्हा व दंगल यांच्या संदर्भातच वारंवार दिसल्यास, असत्य चित्र उभे राहते. चुकीच्या आकड्याची दुरुस्ती नंतर छापता येते. त्या आकड्याने निर्माण केलेली भीती मात्र तेवढ्याने दूर होत नाही. म्हणून आकड्यांची पडताळणी, स्थानिक रहिवाशांची साक्ष, शांततेच्या काळातील नियमित वार्तांकन आणि निर्णयाच्या पदांवरील प्रतिनिधित्व या चार बाबी बहुसांस्कृतिक शहरातील पत्रकारितेसाठी अनिवार्य ठरतात.