सर्नमधले पाळणाघर आणि क्रिकेटचे मैदान

परदेशी नोकरीस निघालेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न हमखास विचारले जातात : पगार किती, आणि जेवणाखाण्याचे काय? माझी भाची पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवून २०१४ साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत रुजू होण्यास निघाली, तेव्हा हिंडलग्याच्या आमच्या घरीही याहून वेगळे घडले नाही. तिच्यासोबत पती आणि अठरा महिन्यांचा मुलगा होता. बालरोगतज्ज्ञ या नात्याने माझी विचारणा निराळी होती : दिवसभर बाळ कोठे असणार आणि संध्याकाळी तुम्ही कोणाशी बोलणार?

उत्तर तिच्या फोनवरून तुकड्यातुकड्याने येत गेले. सर्नची स्थापना १९५४ ची. जमिनीखाली सरासरी शंभर मीटर खोल, सत्तावीस किलोमीटर परिघाच्या बोगद्यात तेथील महायंत्र बसविलेले आहे. ती पोहोचली तेव्हा ते डागडुजीसाठी बंद होते, त्यामुळे परिसर पाहण्यास तिला सवड मिळाली. १९६५ च्या करारानुसार संस्थेचा विस्तार फ्रान्सच्या भूमीतही झाला, आणि तेव्हापासून दोन देशांची सीमा तिच्या आवारातून जाते. सीमेची चर्चा ऐकतच लहानाचे मोठे झालेल्या आम्हा बेळगावकरांना याचे अप्रूप वाटणारच! तेथील क्रिकेटचे मैदान फ्रान्सच्या हद्दीत, प्रेव्हेसँ येथे आहे; आणि त्यावर खेळणारा संघ सामने खेळतो तो स्वित्झर्लंडमधील क्लबांशी. भाचीचे यजमान शनिवारी तेथे जाऊ लागले आणि पहिल्या महिन्यातच त्यांना भारत, पाकिस्तान, इंग्लंड अशा तीन-चार देशांचे मित्र लाभले. नोकरी तिची, ओळखी मात्र आधी त्यांच्या झाल्या.

बर्फावर घसरण्याचा, शिडाच्या नौकांचा, बुद्धिबळाचा, नृत्याचा, संगीताचा असे नाना क्लब तेथे आहेत. संस्था जागा देते. क्लब चालवितात ते कर्मचारीच, आपापली वर्गणी काढून व समिती नेमून. वर्षातून एकदा सहा-सहा जणांच्या संघांची रिले शर्यत आवारातच होते आणि तीत नामांकित शास्त्रज्ञही धापा टाकीत धावतात. संगीत क्लबच्या १९९२ च्या उन्हाळी महोत्सवात काढलेले एका गायिकावृंदाचे छायाचित्र इंटरनेटच्या महाजालावर चढलेल्या अगदी पहिल्या छायाचित्रांपैकी एक मानले जाते. महाजालाची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली मांडली ती याच संस्थेत.

भाचीला सर्वांत मोलाचे वाटले ते पाळणाघर. कर्मचारी संघटनेने चालविलेले ते पाळणाघर आवारातच होते. दुपारी बाळाला ताप आला तर आई पाच मिनिटांत त्याच्यापाशी! तिला पहिल्या मैत्रिणी तेथील फाटकाशी भेटल्या, प्रयोगशाळेत नव्हे. दोन महिन्यांनी मात्र तिचा घाबराघुबरा फोन आला : “आत्या, हा मराठी कमी बोलतो, फ्रेंच शब्द मध्येच घालतो. घरी मराठी सोडू का?” मी म्हटले, मुळीच नाही. दोन भाषांमुळे बोलणे खुंटत नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. ऐकू नीट येते ना, नावाने हाक मारल्यावर वळतो ना, एवढे मात्र तपासून घे. हिंडलग्यात घरी मराठी, शेजारी कन्नड आणि बाजारात हिंदी बोलणारी पोरे माझ्या दवाखान्यात रोजच येतात, त्यांचे कोठे अडते?

पुढे तिने नटराजाच्या मूर्तीपाशी उभ्या असलेल्या लेकाचे छायाचित्र धाडले. भारत सरकारने भेट दिलेल्या, दोन मीटर उंचीच्या या मूर्तीचे अनावरण १८ जून २००४ रोजी झाले. तिच्याभोवती पळापळ खेळणे हा त्याचा आवडता उद्योग!

असे वातावरण घडविण्याचे भान आपल्याकडे अजिबातच नव्हते असे नाही. होमी भाभांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत समुद्राकाठी बाग फुलविली, भिंतींवर हुसेनसारख्या चित्रकारांची चित्रे लावली. वैद्यकीय जगात मात्र विरंगुळा हा कामचुकारपणाच समजला गेला. माझ्या निवासी डॉक्टरकीच्या दिवसांत तो म्हणजे कँटीनमधला अर्धा कप चहा आणि तोही उभ्याउभ्या. आजही आमच्यापैकी कित्येकांचा व्यायाम म्हणजे सकाळी टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली मारलेल्या चार फेऱ्या. एकेकाळी जेथे देवीची लस तयार होत असे, तेथे आता डॉक्टर स्वतःचा रक्तदाब सांभाळतात.

आपल्या संध्याकाळच्या व्याख्यानांना तरुण डॉक्टर भगिनी येत नाहीत, अशी तक्रार सभासद करतात. मी त्यांच्यापैकी काहींशी बोलले. विषय नीरस असतात, असे कोणी म्हणाले नाही. मुलाला कोणाकडे ठेवायचे, एवढाच प्रश्न होता. म्हणून पुढील कार्यक्रमापासून सभागृहाशेजारची एक खोली मुलांसाठी राखून ठेवावी, असा अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे. दोन सतरंज्या, ठोकळे, रंगीत खडू, पिण्याचे पाणी आणि लक्ष ठेवायला एक अनुभवी बाई. पहिल्या वर्षाचा खर्च मी उचलते. संध्याकाळी सहा ते साडेआठ ही वेळ ठरवावी, म्हणजे वक्त्यांनाही वेळेत थांबणे भाग पडेल.