फिल्मचा रोल उद्या राहील काय?

या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे जमविताना वसतिगृहातील एका पत्र्याच्या पेटीत आम्हांस निगेटिव्हच्या पट्ट्या सापडल्या. कृष्णधवल पट्टी उजेडासमोर धरताच पहिल्या तुकडीचे विद्यार्थी ओळखू आले. त्यानंतरच्या काळातील रंगीत छायाचित्रे मात्र लालसर पडली आहेत, आणि एका स्नेहसंमेलनाची सीडी तर कोणत्याच संगणकावर उघडली नाही.

याचे कारण रसायनात आहे. फिल्मवरील जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. प्रकाश पडलेल्या कणांचे डेव्हलपरमध्ये काळ्या चांदीत रूपांतर होते. उरलेले कण हायपो धुऊन काढतो. कृष्णधवल चित्र म्हणजे प्रत्यक्ष धातूच, म्हणून ते टिकते. रंगीत फिल्ममध्ये चांदी काढून टाकली जाते व केवळ रंगद्रव्ये उरतात. ती काळानुसार विटतात.

डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ साली कोडॅक कंपनीच्याच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने तयार केला. त्याच कंपनीने २००९ मध्ये कोडाक्रोम बंद केली आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म जुन्या छायाचित्रकारांना आठवत असेल. तो सरकारी कारखानाही बंद पडला.

तरी फिल्म संपलेली नाही. इंग्लंडमध्ये इल्फर्डच्या कृष्णधवल फिल्म आजही तयार होतात. बंद केलेली एक्टाक्रोम कोडॅकने २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आणली, आणि २०२३ च्या ‘ओपेनहायमर’ चित्रपटासाठी तिने ६५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म मुद्दाम बनविली. हौशी व कलावंत यांच्यापुरती ती राहील. लग्नाच्या व शाळेच्या छायाचित्रांत ती परतणार नाही, असे आमचे मत आहे.

त्याचा आम्हांस फारसा खेदही नाही. छत्तीस चित्रांच्या रोलचा आणि त्याच्या धुलाईचा खर्च आपल्यापैकी किती घरांना परवडत होता? ज्यांच्याकडे कॅमेरा होता त्यांच्या पिढ्यांची नोंद राहिली. आमच्या आज्यांचे मुखही आम्हांपैकी अनेकांनी पाहिलेले नाही. आज शेतमजूर आईच्या मोबाइलमध्ये लेकीचे शेकडो फोटो असतात. मात्र मोबाइल हरवला की तेही गेले.

फिल्मही अमर नव्हे. पुण्यात २००३ साली लागलेल्या आगीत राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मची कितीतरी रिळे जळून खाक झाली. नंतरची अ‍ॅसिटेट फिल्म तशी पेट घेत नाही, पण दमट हवेत तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो व ती आकसते. आमच्या पेटीतील दोन पट्ट्यांना तो वास येत होता. त्या वेगळ्या काढून सर्वप्रथम स्कॅन करण्यास दिल्या आहेत.

माजी विद्यार्थ्यांनी घरातील निगेटिव्ह टाकून देऊ नयेत. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवावीत, पाकिटावर वर्ष व नावे पेन्सिलीने लिहावीत, आणि एकदा शाळेत आणून द्यावीत. स्कॅन करून मूळ पट्ट्या परत केल्या जातील.