बटणं रोज तुटतात

बेल्जियममधल्या गेल गावातली ही गोष्ट. एका घरात एक परका माणूस राहायचा. शर्टाची बटणं दिवसभर पिळत बसायची त्याला सवय होती. संध्याकाळपर्यंत एकूणएक बटण तुटून हातात यायचं. घरची बाई रात्री सुईदोरा घेऊन बसायची आणि सगळी बटणं पुन्हा शिवायची. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिला कुणीतरी सुचवलं, मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याने शिव, म्हणजे तुटायची नाहीत. ती म्हणाली, तसं कधीच करायचं नाही. त्याला ती पिळायला लागतात.

अभ्यासासाठी तिथे राहिलेल्या एका अमेरिकी तरुणीने ही हकिगत बाहेर सांगितली. मला ती प्रथम कळली तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी आया डोळ्यांपुढे आल्या. रोज बटणं शिवणाऱ्या बायका आपल्याकडे काही कमी नाहीत. पण ही बाई त्या माणसाची आई नव्हती, बहीण नव्हती, नात्यातलीही नव्हती.

गेल हे अँटवर्प प्रांतातलं गाव. मनाने आजारी असलेली आणि बौद्धिक अक्षमता असलेली माणसं इथल्या सामान्य कुटुंबांत राहतात, आणि हे शेकडो वर्षं चाललं आहे. सुरुवात एका दंतकथेपासून होते. सातव्या शतकात आयर्लंडच्या एका राजाची राणी वारली. दुःखाने भ्रमिष्ट झालेल्या राजाला आईसारख्या दिसणाऱ्या आपल्याच मुलीशी लग्न करायचं होतं. मुलगी, डिम्प्ना, एका धर्मगुरूसोबत समुद्र ओलांडून पळाली. बापाने तिला गेलमध्ये गाठलं आणि तिचा शिरच्छेद केला. वेड्या बापाच्या हातून मेलेली ही मुलगी पुढे वेड्यांची संत झाली.

तिच्या नावाच्या देवळाचं बांधकाम 1349 मध्ये सुरू झालं. लोक आपल्या माणसांना घेऊन यायचे आणि नऊ दिवसांचं अनुष्ठान करायचे. पंधराव्या शतकाच्या अखेरीला देवळाला लागून आजाऱ्यांसाठी खोली बांधली, तीही पुरेना. मग उरलेल्यांना गावकऱ्यांनी घरी उतरवून घ्यायला सुरुवात केली. नरसोबाच्या वाडीला किंवा गाणगापूरला पुजाऱ्यांच्या घरी उतरलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. फरक पुढे पडला. नऊ दिवस संपूनही ज्यांना बरं वाटलं नाही, किंवा ज्यांना न्यायला कुणी आलंच नाही, ती माणसं त्या घरांतून राहून गेली. शेतावर जायची, गुरं राखायची, पोरं खेळवायची, घरच्यांच्याच टेबलावर जेवायची.

ही गोष्ट फार गोडगोड करून सांगितली जाते, ते बरोबर नाही. बिनपैशाचा गडी मिळतो म्हणून माणूस ठेवून घेणारी घरं होती. बेड्या होत्या. फ्रान्सचे मोठे मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल 1821 मध्ये गेलला आले, तेव्हा तिथे डॉक्टरी देखरेख नावाची गोष्टच नव्हती. तीस वर्षांनी सरकारने कारभार हातात घेतला, वैद्यकीय निरीक्षक नेमला आणि 1862 मध्ये रुग्णालय उभं राहिलं. कुटुंबं तीच राहिली, पण त्यांच्या पाठीशी दवाखाना आला. गेलची खरी गोष्ट मला तिथून सुरू झालेली दिसते.

1938 मध्ये या गावात अशी 3,736 माणसं कुटुंबांतून राहत होती. तेव्हा गावची वस्तीच मुळात सोळा हजारांच्या आसपास. बाजारात, चर्चमध्ये, दारूच्या गुत्त्यात, कुठेही गेलं तरी त्यांच्यातलं कुणी ना कुणी भेटणारच. स्वतःशी बोलत चाललेल्या माणसाकडे पोरं वळून बघत नसत, कारण तसा एक घरीही असायचा. गावात त्यांना ‘कोस्टगांगर’ म्हणतात, म्हणजे राहून-जेवून असणारा. ‘रुग्ण’ हा शब्द घरात वापरायची रीत नाही. विद्यार्थ्याचं ‘वार लावून जेवणं’ हा आपल्याकडे जसा शब्दप्रयोग होता, हक्काचा आणि घरगुती, तसाच हा.

आणि एक गोष्ट फार विचार करायला लावणारी. कुटुंबाला त्या माणसाच्या आजाराचं नाव सांगायची पद्धत नव्हती. कशाने घाबरतो, औषध कधी घ्यायचं, काय केलं की शांत होतो, एवढं सांगितलं की पुरे. आपण नेमकं उलटं करतो. फाइल जाडजूड, आयक्यूचा आकडा पाठ, आणि त्याला डाळीत टोमॅटो चालत नाही हे आईशिवाय कुणाला ठाऊक नाही.

गेलमध्ये कुटुंबांतून राहणारी सगळीच माणसं मनोरुग्ण आहेत असा समज असतो. तसं नाही. 2003 च्या सुमारास तिथे पाचशेच्या वर माणसं कुटुंबांत होती, त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना बौद्धिक अक्षमता होती. म्हणजे आपल्याकडे ज्यांना गतिमंद म्हणतात ते. हा आजार नव्हे, बरा होण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा घर देणारं कुटुंब घर देतं ते आयुष्यभरासाठी. पन्नास पन्नास वर्षं एकाच घरात काढलेली माणसं तिथे आहेत. म्हातारी गेली की मुलगी किंवा सून त्यांना आपल्याकडे ठेवून घेते. लहानपणी ज्याने कडेवर खेळवलं, त्याचं म्हातारपण ती करते.

सरकार कुटुंबाला दर दिवसाचा भत्ता देतं, माफकच. त्याहून मोलाचं म्हणजे परिचारिका ठरलेल्या वेळी घरी येऊन जाते, अडीअडचणीला रात्रीबेरात्री फोन उचलला जातो, घरच्यांना चार दिवस बाहेर जायचं असेल तर त्या माणसाची सोय होते आणि प्रकृती बिघडली तर रुग्णालयात खाट मिळते. युनेस्कोने 2023 मध्ये या परंपरेची जतन करण्याजोगी पद्धत म्हणून नोंद केली. पण माणसं ठेवून घेणारी कुटुंबं कमी होत चालली आहेत. शेती यंत्रांवर गेली, बायका नोकरीला जायला लागल्या, घरं लहान झाली. घरी कुणीतरी सतत असायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुतेक बाईच असायची.

इथे मला आपल्याकडचं बोलायचं आहे. आपल्या पिढीने ‘चौकट राजा’ 1991 मध्ये पाहिला, थिएटरात डोळे पुसले. त्यातल्या गतिमंद नंदूच्या वयाची माणसं आज साठीसत्तरीकडे आली आहेत. गतिमंद मुलांच्या शाळेच्या कुठल्याही पालकसभेत जा, थेरपी आणि सर्टिफिकेटचं बोलणं संपलं की शेवटी एक प्रश्न येतोच : आमच्यामागे याचं कोण? तो विचारताना सहसा कुणी मान वर करत नाही.

देव आपल्याकडेही होते, दर्गे होते. तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने माणसं ठेवलेल्या एका झोपडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे आग लागली. साखळ्यांनी बांधलेली 28 माणसं गेली. श्रद्धा गेललाही होती आणि एरवाडीलाही. पण एरवाडीच्या त्या झोपडीत घर नव्हतं आणि दवाखाना नव्हता.

कायदे आपल्याकडे आहेत. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 चा. त्याखाली जिल्हाधिकारी प्रमुख असलेली समिती अठरा वर्षांवरच्या मुलासाठी कायदेशीर पालक नेमते, ‘निरामय’मध्ये एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा समाजात राहण्याचा हक्क मान्य करतो. पालकत्वाचा कागद मिळतो, पण रात्री तीन वाजता तो उठून बसला तर त्याच्याजवळ कोण बसणार, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. भाऊ सही करतो. वहिनीला कुणी विचारलेलं नसतं.

चेन्नईच्या ‘द बनयान’ने ‘होम अगेन’ नावाने एक वाट दाखवली आहे. वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात अडकलेली चारपाच माणसं, साध्या वस्तीतलं भाड्याचं घर, मदतीला एक कार्यकर्ती. हे काम महाराष्ट्रातही आलं. पण परक्याच्या घरी राहण्याची व्यवस्था प्रौढ गतिमंदांसाठी आपल्याकडे रुजली नाही, आणि मला वाटतं त्याचं कारण आपलं मन लहान आहे हे नव्हे. आपण ‘घरी सांभाळतो’ असं म्हणतो तेव्हा एक बाई एकटीच सांभाळत असते. तिलाच आज दोन दिवसांची उसंत नाही, दारात यायला परिचारिका नाही. मग शेजारची कशाच्या भरवशावर हो म्हणेल? गेलच्या बाईने बटणं शिवली, कारण बाकीचं सगळं तिच्या एकटीच्या माथी नव्हतं.

माझ्या ओळखीच्या एका बाईंचं वय आज बहात्तर आहे, मुलगा सत्तेचाळीस वर्षांचा. त्यांनी एक दोनशेपानी वही केली आहे. घरचा नातू उरलेली शाळेची वही फाडायला निघाला होता, ती ठेवून घेतली. त्यात मुलाच्या निदानाचं नाव कुठेच नाही. आंघोळीचं पाणी किती कढत, चपलांचा डावा-उजवा कसा ओळखतो, कुठल्या काकांचं नाव काढायचं नाही, असं सगळं तारीखवार लिहिलेलं. अधूनमधून आधीचं खोडून नवीन लिहितात. ती कुणासाठी, असं मी विचारलं नाही. त्यांनी परवा लिहिलेलं पान मात्र दाखवलं. ‘पाऊस आला की खिडकीशी खुर्ची द्यावी. हाक मारू नये. थांबला की आपणच उठतो.’