पिन बसली की नाही, हे ओढून बघा : ट्रॅक्टर-ट्रॉलीची जोडणी

(गळीत हंगामाच्या तोंडावर धाराशिव जिल्ह्यात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तेवढी तशीच ठेवली आहे.)

पुढं बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे, हे मला माहीत आहे. त्यामुळं ट्रॅक्टर कसा चालवायचा हे मी सांगणार नाही. मी आयटीआयमध्ये पोरांना शिकवलं, त्यात इंजिनावर आमचे महिने जायचे आणि ट्रॉली जोडण्यावर एक तास. आता वाटतं, हे उलटं व्हायला हवं होतं. इंजिन बंद पडलं तर माणूस रस्त्यात थांबतो. जोडणी सुटली तर थांबता येत नाही.

दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडं काय होतं ते बघा. ढोकीकडं, रांजणीकडं, नळदुर्गकडं उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन. आणि त्याच दिवसांत आपलीच माणसं संसार ट्रॉलीत भरून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात तोडीला जातात. भांडी, कोंबड्या, त्यावर म्हातारी, मांडीवर लेकरू. हा सगळा भार कशावर असतो? अंगठ्यापेक्षा थोड्या जाड एका पिनवर.

ही गोष्ट समजायला जुनी बैलगाडी आठवा. गाडीत माल मागं जास्त झाला की जू वर उचललं जायचं, बैलाच्या गळ्याला जोत्याचा फास बसायचा. त्याला आपण गाडी उलाळ झाली म्हणायचो. पुढं जास्त झाला की धुरेवर जड, बैलाची मान दबायची. शहाणा गाडीवान पोती मागंपुढं सरकवून धुरेवर जरासा भार राहील असं बघायचा. दोन चाकी ट्रॉलीचं गणित तेच आहे, फक्त बैलाच्या मानेच्या जागी ट्रॅक्टरचा हिच आला. ट्रॉली उलाळ असली तर ती ट्रॅक्टरची मागची चाकं उचलते. मग चाकांची पकड गेली, म्हणजे ब्रेकही गेला. दांडीवर फार जड झाली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. ऊस भरताना मजूर मागूनच रचत जातात, म्हणून हे बघायचं काम मालकाचं.

आता जोडणी. ट्रॉली सपाटीवर घ्या. आधी तिच्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावा, मगच बाकीचं. दांडीची उंची जॅकनं हिचशी जुळवा. चौघांनी दांडी उचलून धरायची आणि ट्रॅक्टर मागं घ्यायचा, ही आपली पद्धत आहे ना, तिच्यात बोटं जातात, कधी माणूसच जातो. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या जागेत, ट्रॅक्टर हलत असताना, कोणीही उभं राहायचं नाही. बाजूला उभं राहून हातानं खूण करा. ट्रॅक्टर थांबला, न्यूट्रल झाला, हँडब्रेक लागला, इंजिन बंद झालं, की मग मध्ये जा आणि पिन घाला.

पिन वरून खाली घालायची. खालून घातलेली पिन तिच्याच वजनानं पडायला बघते. खाली लॉक, म्हणजे ती कडीवाली छोटी पिन. हे लॉक कितीला मिळतं? फार तर दोन चहाच्या पैशात. आणि ते हरवलं म्हणून आपण तिथं तार गुंडाळतो. पिनच्या जागी गज घालतो, नाहीतर मोठा बोल्ट. बोल्टचं मला विशेष सांगायचंय, कारण लोकांना वाटतं बोल्ट जाड आहे, आटे आहेत, पक्का बसेल. अहो, आट्याची प्रत्येक खाच म्हणजे चीर सुरू व्हायची जागा. गुळगुळीत पिन झटका सोसते, बोल्ट खाचेतून तुटतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या ट्रॉलीला मी असाच बोल्ट घातला होता. पोरांना शिकवणारा मी! घाई होती, पिन सापडेना, दोन किलोमीटरच तर जायचं होतं. उतारावर ट्रॅक्टर अचानक हलका वाटला, मागं बघितलं तर ट्रॉली माझ्या बाजूनं पुढं निघालेली. रस्ता सोडून ती एका ज्वारीच्या रानात गेली आणि बांधाला अडली. नुकसान ज्वारीचं झालं, ट्रॉलीचा अ‍ॅक्सल गेला, आणि बांधाच्या दहा पावलांवर दोन बायका खुरपत होत्या. त्यांचे चेहरे मला अजून दिसतात. त्या दिवशी सेफ्टी चेन असती तर ट्रॉली ट्रॅक्टरला धरून राहिली असती. तेव्हा पिनबरोबर चेन हवीच. दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींवर फुली करून, म्हणजे दांडी सुटली तर ती जमिनीत न घुसता साखळीच्या झोळीत पडते. ढील वळणापुरती, रस्त्याला घासेल एवढी नाही.

एवढं झालं की बहुतेक जण गियर टाकून निघतात. इथंच थांबा. चाकांचे दगड अजून काढू नका. पहिल्या लो गियरमध्ये, हळू क्लच सोडत, ट्रॅक्टर पुढं हातभर ओढून बघा. ट्रॉली दगडाला अडून ताणली गेली पाहिजे. मग इंजिन बंद करून उतरा आणि वाकून डोळ्यांनी बघा, पिन दोन्ही भोकांतून गेली आहे का. दांडीच्या कडीतून गेली पण हिचच्या खालच्या पट्टीतून गेलीच नाही, असं सीटवरून कधीच कळत नाही. सपाटीवर अशी ट्रॉली कोसभर नीट येतेसुद्धा. मग जॅक वर, हायड्रॉलिक पाइप, लाइटची वायर, आणि शेवटी दगड.

(समोरून प्रश्न : हायवेवर ते मोठे ट्रेलर जातात, त्यांची जोडणी अशीच असते का?)

चांगला प्रश्न. सोलापूर-धुळे रस्त्यावर पवनचक्कीची पाती घेऊन जाणारे ट्रेलर तुम्ही बघता. त्यांची जोडणी मागं लोंबत नाही, चाकांच्या वर असते. ट्रकच्या पाठीवर ग्रीस लावलेली एक जाड तबकडी असते, तिला फिफ्थ व्हील म्हणतात, पाचवं चाक. नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. चार चाकी गाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवं चाक बसवायचे, ते पाचवं. ट्रेलरच्या पोटाला दोन इंची किंगपिन असते, ती तबकडीच्या खाचेत शिरली की जबडा तिला आवळतो. अमेरिकेत लोक पिकअपच्या हौद्यात अशीच छोटी तबकडी बसवून त्यावर घरासारखी कॅम्पर गाडी ओढतात. आणि तिथली महागातली चूक कोणती? तीच! ट्रेलर जरा उंच राहिला, किंगपिन जबड्यात न जाता त्याच्या वर टेकली, खट्ट आवाज झाला, माणसाला वाटलं बसली. पाय वर घेतले, गाडी पुढं काढली, आणि अख्खी कॅम्पर पिकअपच्या हौद्यावर आदळली. म्हणून तिथंही नियम हाच : पाय खाली असताना, ट्रेलरचा ब्रेक लावून, आधी ओढून बघा.

आता घाट. आपण बालाघाटावर राहतो. तुळजापूरचा घाट उतरायचा, येडशीला रामलिंगजवळ उतरायचं. हिशेब करू. दोन भरलेल्या ट्रॉल्या मिळून १५ टन धरा, उतार वीसास एक. म्हणजे ट्रॉल्या ट्रॅक्टरला मागून ७५० किलोंनी ढकलतात. उतार दहास एक झाला की दीड टन. आणि तुमचा ट्रॅक्टर स्वतः किती? दोन-अडीच टन. आपल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो, म्हणजे १५ टन अडवायचं काम अडीच टनांच्या चाकांचं. त्यात डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे महाभाग आहेत. चढताना जो गियर लागला असता तोच उतरताना, आणि तो वरच, उतार सुरू व्हायच्या आधी टाका. मध्येच गियर बदलायला क्लच दाबला की ट्रॉली मालक झाली.

रस्त्यावर ट्रॅक्टरचे दोन ब्रेक पेडल पट्टीनं एकत्र अडकवलेले हवेत. शेतात ते वेगळे ठेवतो, वळायला सोपं जातं, आणि रस्त्याला लागताना विसरतो. एकाच चाकाला ब्रेक लागला की ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि ट्रॉली त्याच्या कुशीत घुसते. वेगाचंही ऐका : २० च्या जागी ३० गेलात, तर वेग दीडपट पण थांबवायची ताकद सव्वादोनपट लागते.

आणखी एक, काळ्या रानातलं. पाऊस झाला, भरलेली ट्रॉली रुतली, की कोणीतरी हुशारी करून साखळी वर टॉपलिंकच्या जागी बांधतो. ओढ मागच्या आसाच्या वर गेली की ट्रॅक्टर ट्रॉलीला पुढं नेण्याऐवजी स्वतःच चाकांभोवती मागं फिरतो. पुढची चाकं उठलेली दिसेपर्यंत क्लचवर पाय जायला वेळ उरत नाही. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारनंच. नाहीतर ऊस उतरवा. मजुरी जाईल, जाऊ द्या.

(प्रश्न : विमा असतो की, सर.)

ट्रॅक्टरचा असतो. ट्रॉलीची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा, आणि पॉलिसीत तिचा उल्लेख आहे का हे घरी जाऊन आजच बघा. उल्लेख नसला की कंपनी हात वर करते आणि भरपाईचा दावा कोर्टात वर्षानुवर्षं चालतो. ट्रॉलीत बसलेली माणसं तर सहसा विम्यात धरलेलीच नसतात. कायद्यानं ट्रॉली मालासाठी आहे. मुकादमाला सांगा, सामान ट्रॉलीत जाऊ द्या, माणसांना जीप करा. भाडं उचलीतून कापतो म्हणाला तर भांडा, हे भांडण करण्यासारखं आहे.

सोडताना क्रम उलटा, पण दगड इथंही सगळ्यात आधी. आणि ऊस फक्त मागं उरलेला असेल तर पिन काढू नका. दांडी उसळते ती थेट हनुवटीवर येते.

बाहेर आवारात ट्रॉली उभी करून ठेवली आहे. पिन मुद्दाम चुकीची बसवली आहे, बघू कोण ओळखतं. चौघं पुढं या. बाकीचे लांब, बाजूला उभे राहा, दांडीच्या रेषेत नको.