कुलाब्याची खिडकी

२६ जुलै २००५. फोर्टातल्या आमच्या बँकेच्या शाखेत दुपारी कॅश टॅली होत नव्हती. काउंटरवरच्या सहकाऱ्यांनी विचारलं, "साहेब, लवकर निघू का? घरून फोन आलाय, पाणी भरतंय." ते कालिन्याला राहायचे. मी खिडकीबाहेर पाहिलं. पाऊस किरकोळ होता. "अहो, एवढ्याशा पावसाला काय घाबरता? टॅली करा आणि निघा." ते घरी पोहोचले दुसऱ्या दिवशी दुपारी, छातीभर पाण्यातून.

त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७४. माझी खिडकी कुलाब्याच्या बाजूची होती, एवढंच. या दोन आकड्यांची सरासरी ५०९ येते. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाचा सरासरीवर जीव असतो. पण हा आकडा ना कुलाब्याच्या कामाचा, ना कालिन्याच्या.

त्या पुरानंतर पालिकेने आयआयटी मुंबईच्या मदतीने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, बरेचसे अग्निशमन केंद्रांच्या गच्च्यांवर. करामत साधी आहे. नरसाळ्याखाली सी-सॉसारखी दोन चिमुकली पात्रं असतात. एक भरलं की कलंडून रितं होतं आणि दुसरं वर येतं. किती वेळा कलंडलं, तेवढा पाऊस. माणसाने वहीत लिहायला नको. आकडा दर पंधरा मिनिटांनी आपोआप आपत्कालीन कक्षात जातो.

परळ-दादरकरांना यंत्र कशाला हवं, असं वाटेल. हिंदमाता म्हणजे बशीच! आभाळ भरून आलं की तिथले कापडवाले खालच्या फळीवरचा माल वर चढवतात. पण समुद्राला भरती असली की गटारांतलं पाणी ओसरत नाही आणि ती भरती दुकानातून दिसत नाही. जसं पाण्याखालचं उघडं झाकण दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात घरी चालत निघालेले डॉ. दीपक अमरापूरकर अशाच मॅनहोलमध्ये पडून गेले. झाकण हललं की इशारा देणारी यंत्रं बसवून पाहायचा प्रयोग पालिकेने पुढे हाती घेतला. उशिराच म्हणायचा.

मी आता निवृत्त आहे, गिरगावात असतो. कालिन्याचे ते सहकारी मुसळधार पावसात अजून फोन करतात. पहिला प्रश्न ठरलेला: "साहेब, कॅश टॅली झाली का?"

मी खिडकीकडे न बघता विचारतो, "तुमच्याकडे किती पडला?"