वेगवान् मोटारीचें बळ आणि तोल

मनुष्यानें एखादी वस्तु विकत घेतली म्हणजे ती जशी मिळाली तशीच वापरण्यांत त्याला क्वचितच समाधान लाभतें. शिंप्याकडून आलेल्या अंगरख्याची टीप तो उसवून पाहतो, नव्या घराची खिडकी रुंद करून घेतो. आणि ती वस्तु म्हणजे एखादें यंत्र असेल, तर त्याच्या पोटांत काय दडलें आहे हें पाहिल्यावांचून त्याला चैन पडत नाहीं. जपानांत या हौसेनें मोटारींच्या बाबतींत एक स्वतंत्र विद्याच निर्माण केली आहे. कारखान्यांतून आलेली वेगवान् मोटार उघडावयाची, तिचे भाग बदलावयाचे, आणि कारखानदारानें दिलें त्याहून अधिक सामर्थ्य तिच्याकडून मिळवावयाचें, या उद्योगाला तेथील शौकीन ‘ट्यूनिंग’ असें म्हणतात. वाद्य सुरांत लावण्यासाठीं इंग्रजींत जो शब्द आहे तोच हा होय, आणि तो येथें अगदीं सार्थ आहे. तंबोऱ्याची एकच तार चढवून भागत नाहीं; बाकीच्या तारा तिच्याशीं जुळाव्या लागतात. मोटारीचेंही तसेंच आहे.

हा छंद मूठभर लोकांपुरता राहिलेला नाहीं. यामाहा कंपनींत पूर्वीं काम केलेले अभियंते हिरोयुकी हासेगावा यांनीं १९७३ सालीं फुजी पर्वताच्या परिसरांत ‘एचकेएस’ नांवाचा कारखाना काढला, आणि शौकिनांनीं आपल्या मोटारींना बसवावयाचीं यंत्रें तेथें तयार होऊं लागलीं. १९८१ मध्यें या विषयाला वाहिलेलें ‘ऑप्शन’ हें मासिक निघालें. १९८३ पासून टोकियोंत अशा मोटारींचें प्रदर्शन भरूं लागलें. तें आज ‘टोकियो ऑटो सलून’ या नांवानें ओळखलें जातें.

या विद्येचें मर्म समजण्यास एकच मोटार उदाहरणादाखल घेणें सोयीचें होईल. १९८९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत निस्सान कंपनीनें ‘स्कायलाइन जीटी-आर’ या मोटारीची नवी आवृत्ति बाजारांत आणली. शौकीन लोक तिला ‘आर-३२’ म्हणतात. नागानोरी इतो हे तिच्या निर्मितीचे प्रमुख होते. तिच्या इंजिनांत सहा सिलिंडर एका ओळींत बसवलेले असून त्यांना दोन टर्बोचार्जर हवा पुरवितात. इंजिनाचें आकारमान २,५६८ घन सेंटिमीटर आहे. हा आंकडा विचित्र वाटतो. पण त्याचें कारण शर्यतीच्या नियमांत आहे. ज्या वर्गांत ही मोटार उतरावयाची होती, त्या वर्गांत टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाचें आकारमान १.७ नें गुणून धरीत असत. तो गुणाकार ४,५०० च्या आंत राहावा, एवढ्याच हिशेबानें हें इंजिन बेतलेलें होतें. अर्थात् तें जन्मापासूनच शर्यतीसाठीं होतें. जपानांतील या वर्गाच्या स्पर्धेंत १९९० ते १९९३ या चार वर्षांत झालेल्या २९ शर्यतींपैकीं २९ ही शर्यती या मोटारीनें जिंकल्या. ऑस्ट्रेलियांतील बॅथर्स्टच्या प्रसिद्ध शर्यतींत १९९१ आणि १९९२ अशीं दोन वर्षें ती पहिली आली. तेथील लोकांनीं तिला ‘गॉडझिला’ या चित्रपटांतील राक्षसाचें नांव दिलें.

आतां एक चमत्कारिक गोष्ट पाहावी. शर्यतींत ५०० अश्वशक्तीहून अधिक बळ देणारें हेंच इंजिन सामान्य ग्राहकाच्या हातीं पडतांना मात्र २८० अश्वशक्तीचें म्हणून पडत असे. जपानी मोटार-कारखानदारांत एक अलिखित करार होता, कीं कोणीही आपल्या मोटारीचें बळ २८० अश्वशक्तीहून अधिक असल्याचें जाहीर करावयाचें नाहीं. हा करार २००४ सालापर्यंत पाळला गेला. त्यामुळें आर-३२ विकत घेणाऱ्याला मोटारीबरोबर जणूं एक कुलूपबंद कोठारच मिळत होतें. इंजिनाचा मुख्य सांगाडा ओतीव लोखंडाचा आणि चांगला जाड. त्यांतील सामर्थ्याचा निम्माच भाग उपयोगांत आणलेला. कुलूप उघडण्याचा मोह कोणाला होणार नाहीं?

तें उघडावयाचें कसें, हें समजण्यासाठीं इंजिनाला बळ कोठून मिळतें हें पाहिलें पाहिजे. पेट्रोल जाळावयाचें तर हवा हवी. अधिक पेट्रोल जाळावयाचें तर अधिक हवा हवी. साध्या इंजिनांत पिस्टन खालीं सरकतांना जेवढी हवा ओढून घेईल तेवढीच आंत येते. टर्बोचार्जर ही मर्यादा मोडतो. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर एका लहानशा चक्रावर सोडलेला असतो. तें चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतें, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेलें चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत कोंबतें. म्हणजे जी शक्ति वायां जावयाची तीच पुन्हा कामाला लावलेली असते. हवेचा दाब वाढवला कीं बळ वाढतें. आर-३२ मध्यें हा दाब आंवरून धरणाऱ्या रबरी नळींत कारखान्यानें बारीक छिद्राचा एक धातूचा तुकडा बसवलेला असे. तो काढून टाकला कीं दाब वाढे. एवढें स्वस्त आणि एवढें सोपें काम दुसरें नव्हतें. आणि पुष्कळ शौकिनांच्या फजितीला आरंभ येथूनच होत असे.

कारण, एक तार चढली आणि बाकीच्या होत्या तशाच राहिल्या. या मोटारीच्या टर्बोचार्जरांतील धुराकडचें चक्र सिरॅमिकचें, म्हणजे एक प्रकारच्या चिनी मातीसारख्या पदार्थाचें होतें. तें पोलादापेक्षां हलकें, म्हणून पायाखालीं यंत्र दाबतांच झटकन् वेग घेणारें, परंतु ठिसूळ. नेमल्या दाबाला तें वर्षानुवर्षें टिके. दाब आणि उष्णता वाढली कीं तें दांड्यावरून सुटून फुटे. म्हणून जाणता कारागीर दाबाला हात लावण्यापूर्वीं पोलादी चक्राचे टर्बोचार्जर बसवितो.

दुसरी अडचण उष्णतेची. हवा दाबली कीं तापते, हें सायकलच्या पंपाला हात लावून पाहणाऱ्या मुलालाही ठाऊक असतें. तापलेली हवा सिलिंडरांत गेली तर ठिणगी पडल्यावर ज्योत क्रमाक्रमानें पसरण्याऐवजीं उरलेलें मिश्रण आपोआप एकदम पेटतें. त्या आघाताचा आवाज हातोडीच्या ठोक्यांसारखा येतो, आणि असे ठोके थोडा वेळ बसले तरी पिस्टनला भोंक पडूं शकतें. त्यावर उपाय तीन : दाबलेली हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, अधिक पेट्रोल सोडणाऱ्या तोट्या व पंप, आणि ठिणगीची वेळ व पेट्रोलचें प्रमाण ठरविणाऱ्या संगणकाची नवी आज्ञावलि. हे तीनही उपाय एकमेकांवर अवलंबून आहेत. एक केला आणि दोन राहिले, तर न केल्यासारखेंच.

तिसरी अडचण याहूनही गुप्त होती. इंजिनांत तेल फिरविणारा पंप थेट मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, पुढील टोंकावर बसवलेला असतो. तेथें दांड्याच्या दोन बाजू सपाट करून पंपाचें चाक त्यांवर अडकवलेलें असतें. आर-३२ च्या आरंभींच्या इंजिनांत ही पकड फार आंखूड होती. इंजिन पुन्हा पुन्हा अगदीं उच्च फेऱ्यांवर नेलें म्हणजे दांड्याच्या कंपनानें पंपाचें चाक तडकत असे. तेल थांबलें, कीं कांहीं क्षणांत आंतील बेअरिंगें घासून जात आणि हजारों रुपयांचें नव्हे, लाखोंचें इंजिन निकामी होई. पुढें निस्साननें स्वतःच ही पकड रुंद केली, आणि जुन्या दांड्यावर रुंद कडें बसविण्याची रीत कारागिरांत रूढ झाली. बोटभर रुंदीही नसलेल्या एका सपाट जागेवर शेंकडों अश्वशक्तींचें भवितव्य अवलंबून असावें, ही गोष्ट यंत्रविद्येंत नवी नाहीं. सांखळी तुटते ती नेहमीं सर्वांत कच्च्या कडीपाशीं.

हें झालें इंजिनाविषयीं. परंतु मोटार केवळ धांवण्यासाठीं नसते, ती थांबावीही लागते. वेग दुप्पट झाला तर गतीची ऊर्जा चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. ताशीं १०० किलोमीटरांचा वेग १४० वर गेला, म्हणजे आंकडा थोडाच वाढला असें वाटतें. पण थांबवावयाची ऊर्जा जवळजवळ दुप्पट झालेली असते. ती सारी ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता होऊन जिरावी लागते. आर-३२ चें वजन १,४३० किलोग्रॅमच्या घरांत होतें, आणि तिचे मूळचे ब्रेक जोराच्या धांवण्यास अपुरे पडतात अशी तक्रार लवकरच होऊं लागली. १९९३ च्या फेब्रुवारींत निस्साननें ‘व्ही-स्पेक’ नांवाची सुधारलेली आवृत्ति काढली. तींत इटलीच्या ब्रेम्बो कंपनीचे मोठे ब्रेक होते. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं या आवृत्तींत जाहीर केलेली अश्वशक्ति २८० च राहिली. कारखान्यानें बळ न वाढवतां आधीं लगाम मजबूत केला. शौकिनांना याहून चांगला धडा कोणता?

ब्रेकनंतर टायर. चार टायर मिळून रस्त्याला जेवढे टेंकतात ती जागा सुमारें चार तळहातांएवढीच असते. वळणें, थांबणें आणि वेग घेणें हीं तीनही कामें तेवढ्याच रबरावर होतात. म्हणून जुन्या, कडक झालेल्या टायरांवर दुप्पट बळाचें इंजिन बसविणें म्हणजे बळ वाढविणें नव्हे, तर संकट विकत घेणें होय. स्प्रिंगांचीही तीच कथा. मोटार जमिनीलगत आणली कीं ती देखणी दिसते. पण स्प्रिंगेला दबावयास जागाच उरली नाहीं, तर खड्ड्यावर चाक उसळतें आणि रस्ता सोडतें.

जपानच्या कायद्यानें या सर्व गोष्टींवर नजर ठेविली आहे. तेथें ‘शाकेन’ नांवाची सक्तीची तपासणी असते : खाजगी मोटार नवी घेतल्यावर तिसऱ्या वर्षीं, आणि पुढें दर दोन वर्षांनीं. मोटारीचा तळ जमिनीपासून निदान ९ सेंटिमीटर उंच हवा. धूर आणि आवाज मर्यादेंत हवा. रचनेंत मोठा बदल केला असेल तर त्याची निराळी तपासणी करून नोंद करावी लागते. १९९५ सालीं हे नियम बरेच सैल झाले, आणि पूर्वीं चोरून होणारे पुष्कळ बदल उघडपणें व शास्त्रशुद्ध रीतीनें होऊं लागले. पण सैल नियम म्हणजे मोकळें रान नव्हे. एक काळ असा होता, कीं टोकियो उपसागराच्या कांठच्या द्रुतगति मार्गावर मध्यरात्रीं कांहीं लोक अशा मोटारी बेफाम सोडीत. शर्यतीच्या मैदानावर वाट चुकलेली मोटार वाळूंत जाऊन थांबते. सार्वजनिक रस्त्यावर तिच्यासमोर रात्रपाळीहून परतणाऱ्या एखाद्या माणसाची गाडी असते. त्यानें या खेळांत भाग घेतलेला नसतो.

म्हणून या विद्येंतील अनुभवी माणसें कामाचा एक क्रम सांगतात. प्रथम मोटार मूळ स्थितींत निरोगी करावी : नळ्या, पट्टे, तेल, पाणी, बेअरिंगें सर्व तपासावीं. मग ब्रेक आणि टायर. मग चाकांची बैठक. त्यानंतर तेल व पाणी थंड ठेवण्याची तजवीज. आणि सर्वांत शेवटीं, थोडें थोडें करून, प्रत्येक पायरीवर मोजमाप घेऊन, बळ. हा क्रम नवशिक्यास कंटाळवाणा वाटतो. कारण पहिल्या चार पायऱ्यांवर खर्च होतो आणि मित्रांना सांगण्यासारखा एकही आंकडा हातीं येत नाहीं.

अलीकडे या क्रमांत आणखी एका नियमाची भर पडली आहे. आर-३२ मोटारी कांहीं चव्वेचाळीस हजारांच्या आसपासच निघाल्या, आणि १९९४ मध्यें त्यांचें उत्पादन थांबलें. अमेरिकेंत परदेशी मोटार २५ वर्षें जुनी झाली कीं तिच्या आयातीवरील निर्बंध सुटतात. त्यामुळें २०१४ पासून यांतील पुष्कळ मोटारी तिकडे जाऊं लागल्या आणि किंमती चढल्या. २०१७ सालीं निस्साननें या जुन्या मोटारीचे बंद पडलेले सुटे भाग पुन्हा तयार करण्यास आरंभ केला. ज्या मोटारीला एके काळीं कोणीही बेधडक करवत लावीत असे, ती आतां जतन करण्याची वस्तु झाली आहे. म्हणून आजचा विवेकी शौकीन असा बदल करतो, कीं जो उद्यां परत फिरवतां येईल. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून नीट ठेवून देतो.

एवंच, कोठाराचें कुलूप उघडणें हें या विद्येंतील सर्वांत सोपें काम आहे. आंतलें बळ पेलण्यास चक्र, पंप, ब्रेक, टायर आणि चालविणारा हात हीं सर्व एकाच मापाचीं होणें हें कठीण. तीं तशीं झालीं, म्हणजे तीच जुनी मोटार घाटाच्या वळणावर अशी वळते, कीं आंत बसलेल्याला तिचें बळ आवाजावरून नव्हे, तर तिच्या स्थैर्यावरून कळतें.