बत्तीस फुटांची पेढी

व्यापारी घरातला मुलगा खेळात चमकू लागला की प्रथम सर्वांना आनंद होतो. शाळेत मिळालेला चषक दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात जातो, आल्या-गेल्याला कौतुकाने दाखवला जातो. तोच मुलगा अठराव्या वर्षी ‘मला खेळाडूच व्हायचे आहे’ असे म्हणाला की मात्र वडीलधारी मंडळी गंभीर होतात. ‘पुढे काय?’ हा त्यांचा प्रश्न असतो आणि तो मुळीच चुकीचा नाही. ज्यांनी पै-पै जोडून पेढी उभी केली, त्यांनी भांडवल कुठे गुंतते आणि केव्हा परत येते हे विचारायचे नाही, तर कोणी विचारायचे?

क्रिकेटपुरते या प्रश्नाचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. म्हणून येथे मुद्दाम स्क्वॉश हा खेळ घेतला आहे. त्याला मोठा प्रेक्षकवर्ग नाही, खेळाडूंचे लिलाव नाहीत, आणि आपल्यापैकी अनेकांनी तो एखाद्या जिमखान्याच्या बंद दारामागून येणाऱ्या ‘ठक-ठक’ आवाजापुरताच अनुभवलेला असतो. या खेळात एका भारतीयाने वीस वर्षे काढली. त्याचे नाव सौरव घोषाल.

आधी खेळाविषयी थोडेसे. स्क्वॉशचे कोर्ट म्हणजे ३२ फूट लांब आणि २१ फूट रुंद अशी चार भिंतींची खोली. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गोदामाएवढी. दोघे प्रतिस्पर्धी टेनिसप्रमाणे जाळीच्या दोन बाजूंना नसतात, एकाच जागेत एकमेकांना चुकवीत धावतात. चेंडू रबराचा, पोकळ, सुमारे २४ ग्रॅम वजनाचा, म्हणजे दोन तोळ्यांच्या आसपास. गंमत अशी की, हा चेंडू थंड असताना जवळजवळ उसळतच नाही. भिंतीवर बडवून बडवून तो तापवावा लागतो, तेव्हा कुठे तो खेळण्याजोगा होतो. अकरा गुणांचा एक गेम, आणि पाचांपैकी तीन गेम जिंकणारा विजयी. अटीतटीचा सामना तासाहून अधिक चालतो आणि त्यात विसावा असा जवळपास नसतोच.

सौरवचा जन्म १० ऑगस्ट १९८६ चा, कोलकात्याचा. तेथील रॅकेट क्लबमध्ये त्याने रॅकेट हाती धरले. पुढे शालेय शिक्षण आटोपून तो चेन्नईच्या स्क्वॉश अकादमीत दाखल झाला. मेजर मणियम आणि सायरस पोंचा हे तेथील प्रशिक्षक. २००४ मध्ये त्याने १९ वर्षांखालील गटाचे ब्रिटिश ज्युनिअर ओपन जिंकले. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय.

यानंतरचा निर्णय आपल्या घरांतून विशेष लक्षात घेण्याजोगा वाटतो. सौरव इंग्लंडला गेला, तो खेळ आणि अभ्यास या दोन्ही गोष्टी बरोबर घेऊन. लीड्स विद्यापीठातून त्याने पदवी मिळवली आणि जवळच्या पाँटेफ्रॅक्ट या गावी माल्कम विल्स्ट्रॉप यांच्या हाताखाली सराव केला. विल्स्ट्रॉप यांच्या तालमीतून ली बीचिल आणि त्यांचा स्वतःचा मुलगा जेम्स असे दोन जागतिक अव्वल खेळाडू घडले. शिक्षण की खेळ, असा वाद आपल्याकडे दहावीच्या वर्षीच पेटतो आणि बहुधा त्याच वर्षी निकालातही निघतो. दोन्ही खाती एकाच वेळी चालवता येतात, मात्र त्यासाठी विद्यापीठ आणि गुरू एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असावे लागतात, हे त्या कुटुंबाने वेळीच ओळखले, असे मला वाटते.

आता हिशेबाकडे वळू. व्यावसायिक स्क्वॉशपटूला ठरलेला पगार नसतो. विमानाचे तिकीट, मुक्काम, प्रशिक्षक, शरीरोपचार हा खर्च आधी होतो. बक्षीस मिळते ते किती फेऱ्या जिंकल्या त्यावर. पहिल्याच फेरीत हरलेला खेळाडू पुष्कळदा पदरमोड करूनच परततो. जागतिक क्रमवारी ठरते मागील बारा महिन्यांत मिळवलेल्या गुणांवरून. गेल्या मार्चमध्ये मिळवलेले गुण या मार्चमध्ये गळून पडतात. आपल्या धंद्यात आजोबांची पत नातवाला उपयोगी पडते. येथे स्वतःची गेल्या वर्षीची पतही चालत नाही. दरवर्षी शून्यातून दुकान मांडायचे, असा हा व्यवहार आहे. अशा स्थितीत सौरव २०१३ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला आणि एप्रिल २०१९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, जगात दहावा झाला. भारतीय पुरुषांपैकी तोवर कोणीही पहिल्या दहांत आले नव्हते. दीपिका पल्लिकल आणि जोश्ना चिनप्पा यांनी मात्र हे यश त्याच्या आधीच मिळवले होते, हेही नोंदवले पाहिजे.

परंतु या कारकिर्दीचे खरे स्वरूप क्रमवारीपेक्षा तिच्यातील पराभवांत अधिक दिसते.

२००६ मध्ये दोहा येथे वयाच्या विसाव्या वर्षी त्याने आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. २०१० मध्ये पुन्हा कांस्य. २०१४ मध्ये इंचिऑन येथे तो अंतिम फेरीत पोहोचला. कुवेतच्या अब्दुल्ला अल-मुझायेनविरुद्ध पहिले दोन गेम त्याने घेतले, तिसऱ्यात सुवर्णपदक एका गुणावर आले, आणि तेथून सामना निसटला. तिसरा गेम १२-१४, चौथा ८-११, पाचवा ९-११. हाताशी आलेला सौदा फिसकटणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मात्र त्याला शोक करायला वेळच नव्हता. लगेच सांघिक सामने सुरू झाले. अंतिम लढतीत मलेशियाच्या अनुभवी ओंग बेंग ही याला त्याने पाच गेमांच्या झुंजीनंतर हरवले आणि भारताला या खेळातले पहिले आशियाई सांघिक सुवर्ण मिळाले. त्या संघात मुंबईचा महेश माणगावकरही होता.

२०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तेच पुन्हा घडले. जमैकाच्या ख्रिस बिनीविरुद्ध दोन गेमांची आघाडी, आणि पराभव. मिश्र दुहेरीत दीपिकासह रौप्य मिळाले, पण एकेरीचे खाते कोरेच राहिले. ते भरले २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला. कांस्यपदकाच्या लढतीत समोर होता जेम्स विल्स्ट्रॉप, म्हणजे गुरूंचाच मुलगा, पाँटेफ्रॅक्टच्या कोर्टवरचा जुना सहकारी. सौरवने सरळ तीन गेममध्ये सामना जिंकला. राष्ट्रकुल स्पर्धेतील स्क्वॉश एकेरीचे भारताचे ते पहिले पदक. सामना संपताच त्याला रडू आवरले नाही. पदक कांस्यच होते. पण त्यासाठी किती वर्षे लागली, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

२०२३ च्या शरद ऋतूत हांगझोऊ येथे तो पाचव्यांदा आशियाई स्पर्धेत एकेरीच्या पदकापर्यंत पोहोचला. सांघिक अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध पहिली लढत माणगावकर हरला. दुसरी सौरवने सहज जिंकून बरोबरी साधली, आणि चेन्नईच्या अभय सिंगने पाचव्या गेममध्ये दोन मॅच पॉइंट वाचवून सुवर्ण मिळवून दिले. एकेरीत मात्र ५ ऑक्टोबर रोजी मलेशियाच्या एंग इएन याओने अंतिम सामना जिंकला. सौरवच्या गळ्यात पुन्हा रौप्य.

त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १६ ऑक्टोबर रोजी, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉशचा समावेश करण्याचा निर्णय झाला. हे अधिवेशन भरले होते आपल्या मुंबईत. क्रिकेटच्या ऑलिंपिक प्रवेशाच्या जल्लोषात स्क्वॉशची बातमी अनेकांच्या नजरेतून सुटली. या खेळाने ऑलिंपिकच्या दारात कित्येक वर्षे ताटकळत काढली होती; सौरवची सगळी उमेदीची वर्षे त्यातच गेली. निर्णय झाला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. एप्रिल २०२४ मध्ये त्याने व्यावसायिक मालिकेतून निवृत्ती जाहीर केली. देशासाठी मात्र आणखी काही काळ खेळायला आवडेल, असेही त्याने तेव्हा सांगितले.

हांगझोऊच्या भारतीय पथकात दिल्लीची अनाहत सिंग ही पंधरा वर्षांची मुलगी होती. महिला सांघिक आणि मिश्र दुहेरी अशी दोन कांस्यपदके घेऊन ती घरी परतली. लॉस एंजेलिसच्या वेळी ती वीस वर्षांची असेल, म्हणजे दोह्यात पहिले पदक स्वीकारताना सौरव होता, तेवढीच.